पॉवरशेलचं लॉगिंग: आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑडिटमध्ये विचारलं गेलं, 'अमुक मशीनवर अमुक दिवशी कोणती स्क्रिप्ट चालली, दाखवता का?' आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. त्यानंतर सुमारे ३०० विंडोज मशीनवर ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनवर एकाच जागेवरून सेटिंग लावायची विंडोजची सोय) पॉवरशेलचं, म्हणजे विंडोजमध्ये कमांड आणि स्क्रिप्ट चालवायच्या साधनाचं, स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंग सुरू केलं. यात चाललेल्या कोडची नोंद राहते.

सुरू करणं अगदी सोपं. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज पॉवरशेल असं आत जाऊन एक सेटिंग एनेबल करायचं. पॉलिसी आपोआप पोचायला ९० मिनिटं, वर अर्ध्या तासापर्यंत इकडेतिकडे. धीर नसेल तर जीपीअपडेट ही कमांड देऊन लगेच मागवायची. मग पॉवरशेलच्या ऑपरेशनल लॉगमध्ये ४१०४ क्रमांकाच्या नोंदी पडू लागतात आणि त्यांत स्क्रिप्टचा मजकूर जसाच्या तसा असतो. कोणी कमांड बेस६४ मध्ये (मजकूर सहज वाचता न येणाऱ्या अक्षरांत बदलायची पद्धत) गुंडाळून दिली तरी नोंद उलगडलेल्या मजकुराची होते, कारण ती पॉवरशेलच्या इंजिनाने कोड हातात घेतल्यावर केली जाते. यासाठी पैकीच्या पैकी मार्क.

पण मी हावरटपणा केला. त्याच सेटिंगमध्ये खाली एक चौकोन आहे: प्रत्येक ब्लॉक सुरू झाला, संपला, याचीही नोंद ठेवायची का? दिलं टिक करून. ४१०५ आणि ४१०६ चा असा पूर आला की सकाळचं दुपारी शिल्लक राहीना. या लॉगचा मूळ आकार १५ एमबी, आणि आमची मॉनिटरिंगची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी चालणारी. टिक काढली. आकार वाढवायला गेलो, तर टेम्प्लेटमध्ये ॲप्लिकेशन, सिक्युरिटी, सेटअप आणि सिस्टम एवढ्याच लॉगची सोय. हा लॉग त्यात नाही. शेवटी स्टार्टअप स्क्रिप्टमधून वेव्हटयूटिल (लॉगची सेटिंग बदलायची विंडोजची कमांड) चालवून २५६ एमबी केला, आणि नोंदी एका मध्यवर्ती सर्व्हरवर वळवल्या. मोठी स्क्रिप्ट अनेक नोंदींत तुटून येते. ती स्क्रिप्ट ब्लॉक आयडी बघून जोडावी लागते, हे कंटाळवाणं आहे.

खरा धक्का तिसऱ्या आठवड्यात बसला. नोंदी चाळताना आमच्याच बॅकअपच्या स्क्रिप्टमधला डेटाबेसचा पासवर्ड उघडा दिसला. स्क्रिप्ट कोणी लिहिली होती? मीच, चार वर्षांपूर्वी! म्हणजे ज्याला हा लॉग वाचता येतो त्याच्या हातात किल्ली. तो पासवर्ड त्याच दिवशी बदलला, आणि शोधता शोधता अशा आणखी सहा स्क्रिप्ट निघाल्या. त्यानंतर प्रोटेक्टेड इव्हेंट लॉगिंग लावलं. त्यात मजकूर सार्वजनिक किल्लीने कुलूपबंद होऊन लिहिला जातो. तो उघडणारी खाजगी किल्ली मात्र त्या मशीनवर ठेवायची नाही, नाहीतर सगळा खटाटोप पाण्यात. हे आधी करून मग लॉगिंग सुरू करायला हवं होतं.

एका डेव्हलपरच्या मशीनवरून नोंदीच येईनात. पॉलिसी लागलेली, रजिस्ट्री बरोबर. दोन दिवस डोकं खाजवलं. तो पॉवरशेल ७ वापरत होता, विंडोजबरोबर येणारं विंडोज पॉवरशेल नव्हे! त्याची टेम्प्लेट्स वेगळी, लॉगही वेगळा, पॉवरशेलकोर नावाचा. टेम्प्लेट्स बसवणारी स्क्रिप्ट पॉवरशेल ७ च्या फोल्डरमध्येच मिळते, आणि तिथे विंडोज पॉवरशेलचंच सेटिंग वापरायचा पर्यायही आहे. उलट टोकाला जुनं २.० इंजिन. ते मशीनवर शिल्लक असेल तर कोणीही त्यातून स्क्रिप्ट चालवू शकतो आणि ४१०४ पडतच नाही. आम्ही ते फीचर सगळीकडून काढलं.

मॉड्यूल लॉगिंग, म्हणजे निवडलेल्या मॉड्यूलमधल्या (कमांडच्या संचांमधल्या) कमांडची नोंद, फक्त सर्व्हरवर ठेवलंय. सगळीकडे तारांकन (म्हणजे सगळी मॉड्यूल) देऊन बघितलं, गोंगाटच जास्त. ट्रान्सक्रिप्शनमध्ये (सेशनची नोंद फाइलमध्ये ठेवायची सोय) कमांडबरोबर तिचं आउटपुटही मिळतं, पण फाइली कुठे ठेवायच्या हा प्रश्न आहे. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरवर लोकांना लिहिता यावं पण एकमेकांचं वाचता येऊ नये, अशा परवानग्या बसवताना दोनदा फसलो. सध्या ट्रान्सक्रिप्शन दोनच जंप सर्व्हरवर (ज्यांच्यातून बाकीच्या सर्व्हरवर जायचं असतं) चालू आहे.