फॅननी चिपचं नाही, पाण्याचं ऐकावं: लिक्विड कूलरसोबत दहा महिने

गेल्या नोव्हेंबरात नवा पीसी बांधला. प्रोसेसर रायझन ७ ७७००एक्स, त्यावर ३६० मिमीचा लिक्विड कूलर. यात पंप नळ्यांतून पाणी फिरवतो, ते प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं आणि रेडिएटरवरचे १२० मिमीचे तीन फॅन ती बाहेर टाकतात. सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलं आणि जोडणीही तिथल्याच एका दुकानात करून घेतली. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला वन बीएचकेमध्ये राहतो. पीसी हॉलमध्ये आहे आणि आईही हॉलमध्येच झोपते. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं माझं काम रात्री अकरानंतर सुरू होतं. म्हणून इथे तापमानाइतकंच आवाजाबद्दलही लिहितोय.

पहिल्या रात्रीच दोन आवाज लक्षात आले. एक खुळखुळ, अर्धवट उघड्या नळासारखी. दुकानात रेडिएटर पुढच्या बाजूला उभा बसवला होता आणि नळ्यांची तोंडं वर ठेवली होती. अशा बंद कूलरमध्ये थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. नळ्याच तिथे असतील तर पाण्याबरोबर ती हवाही ओढली जाते. एका रविवारी रेडिएटर काढून कॅबिनेटच्या छताला लावला. दोन दिवसांत खुळखुळ थांबली, ती आजतागायत बंदच आहे. जोडून घेताना एवढं तरी जातीने बघा: पंप हा त्या चक्रातला सगळ्यात उंच भाग असता कामा नये.

दुसरा आवाज मात्र महिनाभर पुरला. ब्राउझर उघडला, की फॅन ८०० आरपीएमवरून (मिनिटाला फेरे) १७०० वर जायचे आणि चार सेकंदांनी खाली यायचे. फाइल सेव्ह केली, की पुन्हा तेच. आई म्हणाली, "अरे, एकसारखा चालू दे एकवेळ, पण हे वर-खाली नको. डोळा लागतो आणि उघडतो." तिने नेमकं बोट ठेवलं होतं. सलग चालणारा आवाज कान सोडून देतात, बदलणारा सोडत नाहीत.

कारण समजून घेतलं तेव्हा सगळा प्रकार उलगडला. मदरबोर्डवर फॅनचा वेग मुळात प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेला असतो. हा प्रोसेसर एका क्षणात ४५ अंशांवरून ७० वर उडी मारतो, कारण सगळी उष्णता बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यात तयार होते. त्यावरचं धातूचं झाकणही जाड आहे, जुन्या एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) कूलर नव्या एएम५वर बसावेत म्हणून. फॅन रेडिएटर थंड करतात. त्या क्षणी उष्णता तिथवर पोहोचलेलीच नसते. म्हणजे फॅन उगाचच धावतात आणि ते वेग घेईपर्यंत चिप पुन्हा ४५ वर आलेली असते.

पाण्याची चाल वेगळी. आत पाव लिटर पाणी आहे असं धरलं आणि १४० वॉट उष्णता सलग त्यात ओतली, तरी ते एक अंश चढायला सात-आठ सेकंद लागतात, तेही रेडिएटरने काहीच बाहेर टाकलं नाही तर. ब्राउझर उघडल्याने पाण्याचं तापमान हलतसुद्धा नाही. माझा कूलर यूएसबीवरून पाण्याचं तापमान सांगतो. फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं आणि तिन्ही फॅन त्या आकड्याला जोडले: ३४ अंशांपर्यंत ६०० आरपीएम, ४० ला ९००, ४५ ला १३००. पंप एकाच वेगावर कायम ठेवला. त्या रात्रीपासून वर-खाली बंद. तुमच्या कूलरला पाण्याचा सेन्सर नसेल, तर फॅनचा प्रतिसाद निदान दहा-पंधरा सेकंद उशिरा येईल असं सेटिंग करा. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

फॅन हळू चालवायची भीती वाटत असेल तर हे बघा. वेग निम्मा केला तर हवा साधारण निम्मी होते, पण आवाज जवळपास १५ डेसिबलने उतरतो. मोठ्या रेडिएटरचा खरा उपयोग हा आहे. तीन फॅन रमतगमत चालवायचे. फक्त एक जागा टाळा: माझ्या कॅबिनेटची बाजूची काच १००० आरपीएमच्या आसपास घुमते. म्हणून फॅन ९५० वरून थेट ११०० वर जातील अशी पायरी ठेवली आहे.

आता ९५ अंशांबद्दल. मोठ्या एक्स्पोर्टला चिप ९० ते ९५ वर जायची आणि मी घाबरून फॅन वाढवायचो. पण रायझन ७००० मालिकेची कमाल मर्यादाच ९५ आहे. पूर्ण जोर लावला, की ती त्या आकड्याच्या जवळ जाते आणि तिथे स्वतःला आवरते. फॅन पूर्ण वेगात सोडून मला जेमतेम तीन अंश मिळाले. खरा फरक पडला मार्चमध्ये, बायॉसमधला (मदरबोर्डची मूळ सेटिंग्ज) ६५ वॉटचा इको मोड, म्हणजे वीज कमी खाण्याचा पर्याय, लावला तेव्हा. नाव ६५ चं असलं तरी त्यात प्रोसेसर १४२ ऐवजी ८८ वॉटवर थांबतो. बावीस मिनिटांचा एक्स्पोर्ट साडेतेवीस मिनिटांवर गेला आणि चिप ७५ च्या खाली राहू लागली. दीड मिनिटाच्या बदल्यात एवढं मिळत असेल तर मी ते रोज घेईन.

ठाण्याचा उन्हाळा हा वेगळाच भाग. मेच्या दुपारी हॉल ३४ अंशांवर असतो आणि पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. थंडीतला कर्व्ह (किती अंशांना फॅनचा वेग किती, ते कोष्टक) तसाच ठेवला तर पीसी नुसता चालू असतानाही फॅन पळत राहतात. म्हणून दोन कर्व्ह केले आहेत: दिवाळी ते होळी एक, होळीपासून पुढे चार-पाच अंशांनी सरकवलेला दुसरा. उन्हाळ्यात डोक्यावर पंखा चालू असतो, त्याच्या घरघरीत फॅन ऐकूही येत नाहीत. डिसेंबरात पंखा बंद असतो, तेव्हा मात्र प्रत्येक बारीक आवाज कानावर येतो. त्यामुळे आवाजाचं सगळं ट्यूनिंग थंडीत, रात्री, पंखा बंद करून करावं.

धुळीने मला सगळ्यात जास्त छळलं. आमच्या रस्त्यावर मेट्रोचं काम आणि खिडक्या दिवसभर उघड्या. एप्रिलच्या अखेरीस त्याच कामाला, त्याच खोलीत पाणी चार अंश जास्त दाखवू लागलं. कॅबिनेटची धूळ अडवणारी जाळी धुतलेली होती, पण रेडिएटरच्या पात्यांत राखाडी नमदा बसला होता. फॅन काढले, ब्लोअरने उलट्या बाजूने हवा मारली आणि चारही अंश परत मिळाले. फॅन न काढता हवा मारत असाल तर फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, भलत्या वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होतं. आता दर दोन महिन्यांनी हे करतो.

पावसाळ्यात शेजारच्या काकांनी विचारलं, आत दव धरून शॉर्ट नाही का होणार? नाही होणार. दव धरायला पृष्ठभाग खोलीपेक्षा थंड लागतो आणि इथे पाणी नेहमी खोलीहून गरमच असतं. जुलैच्या ओलसर आठवड्यात मी टॉर्च घेऊन नळ्या तपासल्या, कोरड्या होत्या.

हाच कूलर पुन्हा घेईन का? ८८ वॉटवरच चालवायचं हे आधी माहीत असतं, तर निम्म्या किमतीचा चांगला दोन टॉवरचा एअर कूलर घेतला असता. त्यात पंप नाही, आणि नळ्यांतून वर्षानुवर्षं हळूहळू उडणारं पाणीही नाही. पण जास्त वॉट खाणारा प्रोसेसर सलग तासन् तास राबवणार असाल तर ३६० चा रेडिएटर जरूर घ्या. माझ्याकडे आता पंपाची बारीक गुणगुण तेवढी उरली आहे, आणि तीही कान टेबलाखाली नेला तरच ऐकू येते. आईने जूनपासून पीसीचा विषय काढलेला नाही.