ग्राफिक कार्ड बदललं आणि डीव्हीडी चालेना: ड्रायव्हर, व्हीएलसी, विकतचा प्लेअर की सरळ पेन ड्राइव्ह?

तालुक्याच्या दुकानातून नवं कार्ड टाकून कॉम्प्युटर घरी आला, डीव्हीडी लावली, तर पडदा काळा. नाहीतर चित्र दिसते पण आवाज नाही. घरचे विचारतात, "आता काहून चालून नाही राह्यली?" खापर नव्या कार्डावर फुटतं, पण बहुतेक वेळा त्याचा दोष नसतो. डीव्हीडीचं चित्र 720 बाय 576 एवढंच. ते दाखवायला पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही एकटा पुरतो.

खरी गोम बऱ्याचदा अशी, की कार्ड टाकताना दुकानदार "फॉरमॅट मारून" विंडोज 7 च्या जागी 10 टाकून देतो. विंडोज 7 होम प्रीमियममध्ये डीव्हीडी चालवायची सोय होती, 8 पासून मायक्रोसॉफ्टनं ती काढून टाकली. म्हणजे कार्ड परत करायला पुन्हा एसटीनं जाण्याआधी एवढं तपासा.

माय कॉम्प्युटरमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह दिसतच नसेल तर पुढचं काही वाचू नका. कॅबिनेट उघडा. कार्ड बसवताना हात लागून ड्राइव्हची पातळ साटा केबल ढिली होते. बंद मशीनवर, प्लग काढून, ती दाबून बसवा.

ड्राइव्ह दिसतो, पण चित्र अडखळतं? डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या जोडलेल्या भागांच्या यादीत, 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव असेल तर कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पडलेलाच नाही. तो फुकट आहे, पण काहीशे एमबीचा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवायचा तर रेंज धरून बसावं लागतं. ड्रायव्हर पडल्यावर आवाज गेला तर घाबरू नका. विंडोजनं आवाज एचडीएमआयकडे, म्हणजे मॉनिटरच्या केबलकडे, वळवलेला असतो. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन जुने स्पीकर निवडा.

आता डिस्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे प्लेअरचं. व्हीएलसी नावाचा प्लेअर आणि विकतचा प्लेअर यांत माझं मत सरळ व्हीएलसीला. तो फुकट आहे, ड्रायव्हरच्या मानानं लहान आहे, आणि डीव्हीडी वाचायची सोय त्याच्या पोटातच असते. हिरवा किंवा काळा पडदा आला तर प्रेफरन्सेसमध्ये इनपुट-कोडेक्सखाली हार्डवेअर डिकोडिंग (चित्र उलगडायचं काम कार्डावर टाकणं) बंद करा. पॉवरडीव्हीडीसारख्या प्लेअरचा मेनू छान असतो, पण वर्षातून दोनदा डिस्क लावणाऱ्या घरानं त्याला पैसे का द्यावेत? परदेशातून कोणी आणलेली डिस्क न चालणं हा वेगळा प्रकार. विकतच्या डीव्हीडी जगाच्या भागांनुसार, म्हणजे रीजननुसार, बांधलेल्या असतात. भारत रीजन 5 मध्ये येतो, आणि ड्राइव्हचं रीजन पाचदाच बदलता येतं.

तुमच्याकडे मुख्यतः लग्नाच्या, कीर्तनाच्या, गावात झालेल्या झाडीपट्टी नाटकाच्या शूटिंगच्या डिस्का असतील तर प्लेअरच्या भानगडीत न पडता फायली करून ठेवणंच उत्तम. व्हिडिओवाल्यानं घरी लिहिलेल्या डिस्कांना सहसा कुलूप, म्हणजे कॉपी करू न देणारी अडवणूक, नसतं. या डिस्कांतला रंगाचा थर उन्हानं आणि उष्णतेनं खराब होतो, आणि आपल्याकडे टिनाच्या छपराखाली मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको. आधी व्हिडिओ_टीएस हे फोल्डर जसंच्या तसं हार्डडिस्कवर उतरवा. एका डिस्कला साडेचार जीबीच्या आसपास जागा धरा, दुहेरी थराची असेल तर आठ. मग हँडब्रेक या फाईल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरनं त्याची एमपी4 व्हिडिओ फाईल करा. जुन्या मशीनवर याला वेळ लागतो. अर्ध्यात लाइन गेली तर फाईल बाद होते, म्हणून भारनियमनाची वेळ टाळा. झालेली फाईल पेन ड्राइव्हवरून थेट टीव्हीवर चालते आणि नातेवाइकांनाही देता येते.

जुनं कार्ड परत बसवायचं? ते चालू असेल, विंडोज 7 तसंच असेल आणि नव्याचे पैसे दुकानदार परत करत असेल, तरच. मशीन ऑनलाइन व्यवहारांना वापरत असाल तर मात्र नाही. विंडोज 7 चे सुरक्षेचे अपडेट जानेवारी 2020 मध्ये थांबले.