अडीच तासांत भरलेलं ४० एएचचं खोकं

यंदाही पावसाच्या तोंडावर आमच्या बाजूला टेम्पोतून बॅटरीची खोकी विकायला आली होती, असं धाकट्या दिरांनी फोनवर सांगितलं. ते ऐकलं आणि २०२० चा जून पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला. तेव्हा आम्ही कसे फसलो ते सगळं लिहून ठेवते, निदान पुढच्या माणसाचे पैसे तरी वाचतील.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली तालुक्यातलं आमचं गाव किनाऱ्याजवळ. घरावरची कौलं उडाली, माडा-पोफळीची वाडी आडवी झाली, विजेचे खांब रस्त्यात पडले. वीज कधी येईल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. मी लॉकडाऊनमुळे मार्चपासून सासरी राहून मुंबईच्या ऑफिसचं पगारपत्रकांचं काम करत होते. रेंज मिळायची ती सड्यावरच्या, म्हणजे उंचावरच्या माळावरच्या, शाळेच्या पडवीत. महिनाअखेर जवळ येत चालली होती, आणि माझ्या लॅपटॉपची स्वतःची बॅटरी जेमतेम वीस मिनिटं टिकायची.

अशात तो टेम्पो आला. सौर कंदील, टॉर्च आणि निळी प्लास्टिकची खोकी. खोक्यावर छापलेलं : लिथियम, १२ व्होल्ट, ४० एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). सोबत १२ चे १९ व्होल्ट करणारं कन्व्हर्टर आणि लॅपटॉपची पिन. "वहिनी, एकदा भरलं की दोन दिवस बघायला नको," विकणारा म्हणाला.

मी डोळे झाकून घेतलं नाही. सड्यावर जाऊन पुण्याच्या मामेभावाला फोन केला, तो सोलरची कामं करतो. त्याने हिशोब सांगितला. १२ गुणिले ४० म्हणजे ४८० वॅट-तास. लॅपटॉप ३० वॅट घेतो असं धरलं आणि कन्व्हर्टरची तूट वजा केली, तरी १४ तास चालायला हवा. म्हणाला, "ताई, आधी वजन कर. एवढ्या ताकदीची लिथियम बॅटरी चार-पाच किलोची असते. हलकी लागली तर हात लावू नकोस." घरातला मासळी तोलायचा ताणकाटा काढला. भरलं चार किलो सहाशे. माझी खात्री पटली.

साडेसात हजार रुपये दिले, ते पत्र्यांसाठी बाजूला काढलेले होते. सासरे म्हणाले, "घे, पत्रे आठ दिवसांनी आणू. तुझं काम थांबायला नको." हे वाक्य मला आजही टोचतं. रेंज नव्हती म्हणून पैसे रोखच. बिल म्हणून वर 'एस्टिमेट' छापलेला कागद मिळाला, त्यावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर.

पहिल्या दिवशी लॅपटॉप सव्वा तास चालला आणि बंद पडला. खोक्यावरचे चारही हिरवे दिवे मात्र लागलेलेच. मला वाटलं, पूर्ण भरलेलं नसेल. दिरांनी ते जनरेटरवाल्याकडे नेऊन चार्जिंगला लावलं. अडीच तासांत चार्जरचा दिवा लालचा हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वा तास.

खरी गोष्ट इथेच समोर होती आणि मला ती दिसली नाही. चार्जरवर २ अँपिअर लिहिलेलं होतं. ४० एएचची रिकामी बॅटरी २ अँपिअरने भरायला निदान २० तास लागतात. अडीच तासांत जे भरतं, त्यात चार-पाच एएचच्या वर काही मावूच शकत नाही. यासाठी मीटर लागत नाही, घड्याळ पुरतं.

शेवटी गावातल्या वायरमनने गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडला. ४० एएचवर तो आठ तास जळायला हवा होता. पाऊण तासात विझला. मग त्याने खोकं उघडलं. आत खालच्या बाजूला करड्या सिमेंटची वीट ओतलेली, वर फोम, आणि फोमवर सहा सेल, दोन-दोनच्या तीन जोड्या. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असते नेमकी तीच मांडणी. वेष्टनं खरवडलेली, एका सेलवर जुन्या वेल्डिंगचे काळे ठिपके. चार दिवे सेलला नुसते सरळ जोडलेले, ते कायम लागलेलेच राहणार. जास्त चार्ज झाल्यावर तोडणारी सर्किटची पट्टी कुठेच नाही. वजन करणारे लोक असतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून सिमेंट.

कन्व्हर्टर तेवढं खरं निघालं. लॅपटॉप पूर्ण जोरात ६५ वॅटपर्यंत घेतो, तेव्हा १२ व्होल्टवर सहा अँपिअर ओढतो, त्यात कन्व्हर्टरची बारीक वायर तापायची. वायरमनने जाड वायर घातली आणि लॉकडाऊनमध्ये उभ्या असलेल्या शेजारच्या काकांच्या टेम्पोच्या बॅटरीवर जोडून दिलं. "वहिनी, १२.२ व्होल्टच्या खाली उतरवू नका, नाहीतर टेम्पो सुरू होणार नाही आणि बॅटरीही बाद होईल," एवढं बजावलं. काका रोज संध्याकाळी अर्धा तास इंजिन चालू ठेवायचे. जूनचे पगार वेळेवर गेले ते त्यांच्यामुळे. डिझेलचे पैसे त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत.

विकणाऱ्याचा फोन चौथ्या दिवसापासून बंद. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध? आज ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा लागत नाही. पण विकणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर कागदावर लिहिणार काय? म्हणून पक्कं बिल मिळेपर्यंत पैसे हातातून सोडू नका. खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कोणत्या कंपनीचा ते लगेच कळतं. आमच्या खोक्यावर दोन्ही नव्हतं, आणि मी ते शोधलंही नव्हतं.

गावात आणखी तिघांनी तीच खोकी घेतली होती. वायरमनने दोन उघडली, दोन्हीत सिमेंट. तिसरं वरच्या आळीतल्या एका आजींकडे होतं. त्यांचा नातू ते जनरेटरवरून भरून आणायचा, आणि वीज आल्यावर रात्रभर उशाशीच चार्जिंगला लावून झोपायचा. खोकं तापून त्याचं झाकण वाकून वर आलं होतं. ते पेट घेईल या भीतीने वायरमन आणि मी त्याच संध्याकाळी गेलो आणि ते खोकं उचलून अंगणात, घरापासून लांब, वाळूत नेऊन ठेवलं.