एसी बसवायला कंपनीचा माणूस की गल्लीतला मेकॅनिक? (सांगली-मिरजेच्या हिशोबानं)

गुढीपाडवा झाला की सांगलीत पारा चाळीशीकडे सरकतो आणि सगळ्यांना एकदमच एसी घ्यायचा असतो. घेणं सोपंय, दुकानदार हप्ते पण करून देतो, पण स्प्लिट एसी घरी येतो तो अर्धवटच, दोन डबे नुसते, त्यांना कॉपर पाइपनं जोडायचं काम आपल्या भिंतीवर होतं आणि त्या दोन-तीन तासांत जे होईल ते पुढं कित्येक वर्षं आपण भोगायचं.

कंपनीचा माणूस म्हणजे कंपनीच्या पगारावरचा असेलच असं नाही हां, बऱ्याचदा सर्व्हिस सेंटरकडं नगावर काम करणारा पोरगा असतो. एप्रिलमध्ये त्याच्या फोनवर पुढच्या गिऱ्हाइकाचे कॉल वाजतच असतात, त्यामुळं तुमच्याकडं तो निवांत बसेल ही आशा सोडा. फायदा मोठा आहे पण. काम रेकॉर्डवर येतं, वॉरंटीच्या वेळी कोणी हात वर करू शकत नाही, आणि आत्ताच्या इन्व्हर्टर एसीतली पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेली तर ओरिजिनल पार्ट त्यांच्याकडूनच मिळतो. आणि ते 'इन्स्टॉलेशन फ्री' म्हणजे नुसती मजुरी फ्री. स्टँड, जादा पाइप, वायर, भिंतीला होल, सगळं वेगळं. किटमध्ये पाइप साधारण 3 मीटर येतो, पुढच्या पाइपाचा रेट फुटावर आहे की मीटरवर ते आधीच विचारा, एका मीटरात सव्वातीन फूट बसतात आणि बिलाची गंमत तिथंच होते.

गल्लीतल्या मेकॅनिकचं उलटं. रात्री नऊला फोन केला तरी येतो, विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये आउटडोअर, म्हणजे बाहेरचा डबा, कुठल्या डक्टला बसतं ते त्याला पाठ असतं, पाइप पण बऱ्याचदा स्वस्तात देतो. पण घोडं पेंड खातंय ते हत्यारांत. जुन्या आर 22 गॅसवर हात बसलेला माणूस आर 32 या नव्या गॅसच्या एसीला तेच जुने गेज (प्रेशर मोजायचे मीटर) लावायला बघतो, आणि आर 32 चं प्रेशर बरंच जास्त, शिवाय हा गॅस पेट घेऊ शकतो, म्हणजे लाइनमध्ये गॅस असताना जोडाला डाग द्यायला पेटती गॅस टॉर्च लावणारा माणूस घरात नकोच.

म्हणून दोघांनाही एकच प्रश्न विचारा, व्हॅक्यूम पंप आणणार का? पाइप जोडल्यावर आत हवा आणि दमटपणा राहतो, तो पंपानं ओढून काढायचा असतो, पंधरा-वीस मिनिटं पंप चालतो, मग तो बंद करून गेजचा काटा जागचा हलत नाही ना बघायचं, मगच आउटडोअरचे व्हॉल्व्ह उघडायचे. घाईतला फिटर काय करतो, व्हॉल्व्ह जरासा उघडून एसीच्याच गॅसनं फुस्स करून हवा बाहेर ढकलतो, दोन मिनिटांत खेळ खल्लास. त्या दिवशी गार हवा येतेच हो! पण आत राहिलेला ओलावा कॉम्प्रेसरच्या तेलाची वाट लावतो. आमच्याकडं आलेला पोरगा, कुठल्या कंपनीचा ते राहू दे, पंप गाडीत आहे म्हणाला आणि आणायचं नावच काढेना, शेवटी मी स्टुलावरून उठलोच नाही तेव्हा खाली गेला. नंतर नटांवर साबणाचा फेस लावून बघायला सांगितलं, एका नटावर बारीक बुडबुडा फुगला, पाना मारला, थांबला. एवढंच काम असतं, पण करायला लावावं लागतं.

नवीन घर बांधताना भिंतीत पाइप गाडणार असाल तर ते काम बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टरवर टाकू नका, एसीवालाच बोलवा आणि प्लास्टर होईपर्यंत लाइन नायट्रोजनच्या प्रेशरवर ठेवायला लावा. मिस्त्रीचा खिळा लागला तर गेज लगेच सांगतो.

पुराचं पाणी शिरणाऱ्या गावभाग-खणभागवाल्यांना वेगळं सांगायला नको. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी 45 ची. तळमजल्यावर आउटडोअर जमिनीवर ठेवू या, सर्व्हिसला सोपं पडतं, असं म्हणणारा फिटर बाहेरगावचा समजा, स्थानिक माणूस ते न सांगता वर चढवतो. या एका बाबतीत गल्लीतलाच भारी.

माझं मत विचाराल तर नवीन एसी, वॉरंटी चालू, तर कंपनीचाच माणूस, पण दुकानदाराकडून पंपाचं कबूल करून घेऊन आणि समोर उभं राहून. कॉम्प्रेसरला 10 वर्षं वॉरंटी लिहिलेली असली तरी त्यात गॅस आणि मजुरी धरलेली असते का ते कार्डावर वाचा, बऱ्याचदा नसते. वॉरंटी संपलेला एसी, घर बदलताना काढ-घाल, वर्षाची धुलाई, याला गल्लीतला बरा. गॅस भरताना मात्र वजनकाटा लावून भरायला सांगा, आउटडोअरच्या स्टिकरवर किती गॅस बसतो ते लिहिलेलं असतं. आणि दरवर्षी 'गॅस कमी झालाय' म्हणणाऱ्याला आधी लीक दाखवायला लावा, गॅस काय पेट्रोल नाही संपायला.

जमलं तर हे सगळं फेब्रुवारीतच उरकून घ्या, तेव्हा फिटरला वेळ असतो आणि तो फोन पण उचलतो.