दारावर जप्तीची नोटीस लागली की फोन करणारे ‘सेटलमेंट’वाले

गृहकर्ज थकलं, बँकेने ताब्याची नोटीस दारावर चिकटवली आणि आठवड्याच्या आत फोन आला: “घर वाचवून देतो, फक्त बँकेशी आता काही बोलू नका.” समोरच्याला कर्जदाराचं नाव, सदनिकेचा क्रमांक, थकीत रक्कम, शाखा सगळं ठाऊक होतं. घरच्यांना वाटलं, हा बँकेच्या आतलाच माणूस. पण ती माहिती कोणालाही मिळते. सरफेसी कायदा म्हणजे थकीत कर्जासाठी बँकेला न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा; त्याच्या नियमांप्रमाणे ताब्याची नोटीस ७ दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. फसवणारे सकाळी तेच पान उघडून बसतात.

या प्रकरणात एकूण येणं १८ लाखांचं होतं, हप्ता १८ हजारांचा आणि थकलेले हप्ते ८. म्हणजे हप्त्यांची थकबाकी १ लाख ४४ हजार, वर दंड आणि खर्च. फोन करणाऱ्या एजंटने ‘फाइल उघडायचे’ ८० हजार आणि ‘डीआरटीची (कर्जवसुली न्यायाधिकरणाची) कोर्ट फी’ म्हणून ७५ हजार घेतले, म्हणजे १ लाख ५५ हजार. थकबाकीच्या जवळपास जाणारी रक्कम घरात होती किंवा उसनी मिळत होती, आणि ती चुकीच्या माणसाच्या हाती गेली.

असं का होतं, ते पहिल्या नोटिशीत दडलेलं आहे. सलग ९० दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-अनुत्पादक, ठरतं. मग कलम १३(२) ची मागणी नोटीस येते. तिच्यात ६० दिवसांत पूर्ण कर्ज भरा असं लिहिलेलं असतं, नुसती थकबाकी नव्हे. १८ लाखांचा आकडा वाचून माणूस खचतो आणि हप्त्यांचा हिशोब मांडतच नाही. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरली की एनपीए खातं पुन्हा नियमित वर्गात घेता येतं. थोडीफार रक्कम भरून ते होत नाही, सगळी थकबाकी लागते. बऱ्याच बँका अशा वेळी पुढची कारवाई थांबवतात. म्हणून नोटीस हातात पडताच शाखेत लेखी अर्ज द्यायचा: ‘आजच्या तारखेला खातं नियमित करायला नेमकी किती रक्कम लागेल?’ अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. हा एक आकडा कळला की एजंटचं बोलणं तिथेच फिकं पडतं.

त्याच ६० दिवसांत कलम १३(३अ) खाली लेखी हरकत किंवा म्हणणं मांडता येतं. ते फेटाळायचं असेल तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. आजारपण, नोकरी जाणं, व्याजाच्या हिशोबातली चूक, जमा न दाखवलेला हप्ता, जे असेल ते पुराव्यासह लिहावं. या हरकतीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. नोटीस आली त्या दिवसापासून प्रत्येक पाकीट, त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि दारावरच्या नोटिशीचा फोटो जपून ठेवावा, कारण पुढची सगळी गणितं तारखांवर चालतात.

या एजंटने बँकेशी बोलणं बंद करायला लावलं, बँकेचे फोन आणि रजिस्टर्ड पत्रं घेऊ नका म्हणून बजावलं आणि दिवाणी न्यायालयात एक दावा दाखल करवला. दाव्याचा क्रमांक खरा होता, म्हणून घरच्यांना धीर आला. पण सरफेसी कायद्याच्या कलम ३४ ने अशा वादात दिवाणी न्यायालयाला जवळजवळ हातच घालता येत नाही. दाद मागायची जागा म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण, तीच डीआरटी. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. तिथे कलम १७ चा अर्ज बँकेच्या त्या कारवाईपासून ४५ दिवसांत करावा लागतो. एजंट ‘पुढची तारीख पडली’ एवढंच सांगत राहिला आणि ४५ दिवस सरून गेले. पैसे गेले ते गेलेच, पण कुटुंबाचं खरं घर बुडालं ते या दिवसांत. पैसे पुन्हा उभे करता येतात, हुकलेल्या मुदतीनंतर मात्र वाट फार अवघड होते.

७५ हजारांच्या ‘कोर्ट फी’चंही बघा. कर्जदाराने कलम १७ चा अर्ज केला तर १० लाखांपेक्षा कमी येण्यावर दर लाखाला ५०० रुपये फी असते. येणं १० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर ५,००० रुपये आणि १० लाखांच्या पुढच्या प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला २५० रुपये, कमाल १ लाख. १८ लाखांच्या येण्यावर होतात ७,००० रुपये. वकिलाची फी वेगळी, पण ती वकिलाच्या पावतीवर, वकालतनाम्यावर सही करून आणि वकिलाला समोरासमोर भेटून द्यायची. अर्ज खरंच दाखल झाला का, हे तपासायला डायरी क्रमांक मागावा. डीआरटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की प्रकरणाची स्थिती दिसते. दिवाणी दावा दाखवत असतील तर १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र क्रमांक) मागून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पाहावा आणि दाव्यात नेमकं काय मागितलंय ते स्वतः वाचावं. व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘स्टे ऑर्डर’च्या फोटोला काही किंमत नाही.

‘एक पैसा न भरता स्टे’ हेही खोटंच. डीआरटी स्थगिती देते तेव्हा बहुधा काही रक्कम ठरावीक मुदतीत भरण्याची अट घालते. ती चुकली की स्थगिती उठते. तेव्हा हाताशी असलेला पैसा एजंटला देऊन टाकला तर मिळालेला आदेशही टिकत नाही.

यापुढची मागणी आणखी घातक. ‘बँकेला दाखवायला घर तात्पुरतं आमच्या नावावर करा, तुम्ही भाड्याने राहा, पैसे आले की परत घ्या.’ कलम १३(१३) नुसार १३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय ती मालमत्ता विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येत नाही की दुसऱ्या कुठल्या मार्गाने हस्तांतरित करता येत नाही. केली तर कलम २९ खाली शिक्षा होऊ शकते आणि बोट जातं ते सही करणाऱ्या कर्जदाराकडे. कुलमुखत्यारपत्र हा त्याचाच दुसरा चेहरा. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय, पण त्या कागदावर एजंट तुमच्या नावाने बँकेशी तडजोड करू शकतो, पैसे उचलू शकतो, तिसऱ्याकडून बयाणा घेऊ शकतो. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही आणि कोरे चेक कोणालाच देऊ नयेत. भाडेकरू उभा करून जप्ती अडवतो म्हणत मागच्या तारखेचा भाडेकरार करायला लावणारेही भेटतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. बिननोंदणीचा, मागच्या तारखेचा कागद घर वाचवत नाही, उलट बनावट दस्ताचा आरोप अंगावर आणतो.

एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, हा खरा मार्ग आहे. फक्त तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने, रक्कम आणि शेवटची तारीख लिहून आलेलं असावं. ते हातात आल्यावर शाखेत जाऊन, शक्यतो मूळ शाखेतच, खरं का ते विचारावं. पैसे फक्त स्वतःच्या कर्ज खात्यात जमा करावेत. ‘आमच्या संस्थेच्या खात्यात टाका, आम्ही एकत्र भरतो’ असं कोणी म्हटलं की बोलणं तिथेच संपवावं. तडजोडीने कर्ज मिटलं की सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते, हे आधी लक्षात घ्यावं. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

लिलाव निघालाच तर एक मुदत पक्की लक्षात ठेवा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण येणं भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. लिलावाच्या दिवसापर्यंत थांबता येतं असं एजंट सांगतात, ते चूक आहे. लिलावात बँकेच्या येण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर उरलेली रक्कम हक्कदाराला परत मिळते. ती अर्ज करून मागावी. एजंटकडे मुखत्यारपत्र असेल तर तोच ती उचलायला पाहील.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना कळते. मुद्दल आणि व्याज मिळून येण्याचा २० टक्क्यांहून कमी भाग उरला असेल, किंवा तारण शेतजमीन असेल, तर कलम ३१ मुळे सरफेसीची कारवाईच लागू होत नाही. नोटीस आल्या आल्या कर्जखात्याचा उतारा काढून हे पाहून घ्यावं.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, आणि न्यायाधिकरणापुढच्या कामालाही ही मदत लागू आहे. गृहकर्जात पत्नी बहुतेकदा सहकर्जदार असतेच, तेव्हा अर्ज तिच्या नावाने करावा. हेल्पलाइन १५१००. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करून धमकावत असतील तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. तिथेही फी नाही.

पैसे देऊन झाले असतील तर आधी मुदत तपासा. ४५ दिवसांतला एखादा दिवस जरी उरला असेल तरी तो वकिलासाठी वापरा, एजंटशी भांडण्यात घालवू नका. मुखत्यारपत्र नोंदवलेलं असेल तर रद्दपत्रही नोंदवून घ्या आणि त्याची प्रत त्याच दिवशी बँकेत देऊन पोच घ्या. दिलेले कोरे चेक बँकेला लेखी कळवून थांबवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार द्या आणि सोबत पैसे पाठवल्याचे उतारे, चॅट, कॉलची नोंद आणि एजंटने दिलेला प्रत्येक कागद तारखेनुसार लावून जोडा.