पालिकेची सामुदायिक खतपेटी : दोन वर्षं वापरल्यानंतर

आमच्या वसाहतीतल्या खतपेट्यांना आता दोन वर्षं होतील. पालिकेने पेट्या आणि अवजारं द्यायची, रहिवाशांनी त्यांत घरचा ओला कचरा घालून त्या चालवायच्या, तयार खत अर्धं रहिवाशांना आणि अर्धं सार्वजनिक बागांना, अशी ही योजना आहे. मी पहिल्या दिवसापासून तिच्यात आहे आणि तापमानाची वही माझ्याकडे असते. आसपासच्या वसाहतींतून ‘आम्ही घ्यावी का?’ असं विचारणारे बरेच येतात. त्यांना उभ्या उभ्या जेमतेम अर्धं सांगून होतं, म्हणून सगळं लिहून काढते आहे. पाचपैकी चार गुण देईन. पहिल्या सहा महिन्यांनंतर विचारलं असतं तर दोनच दिले असते.

आधी पेट्यांबद्दल. तीन लाकडी पेट्या, प्रत्येकी लांबी, रुंदी आणि उंचीला एक मीटर. हे माप विचारपूर्वक निवडलेलं आहे. ढीग यापेक्षा लहान असला की आतली ऊब बाहेर निसटते आणि कचरा नुसता कुजत बसतो. पहिल्या पेटीत भरायचं, दुसरीत ढीग तापतो, तिसरीत निवून मुरतो. समोरच्या फळ्या खाचेतून वर ओढून एकेक काढता येतात, त्यामुळे ढीग परतताना, म्हणजे खालीवर करताना, वाकून उपसावं लागत नाही. साठी ओलांडलेली माणसंही आमच्याकडे परतायला येतात, ती या फळ्यांमुळे. झाकणाच्या बिजागऱ्या मात्र कच्च्या आहेत; तिन्हींच्या बदलून झाल्या. सोबत दाताळं, फावडं, दोन घमेली आणि मोठी चाळण मिळते. आणि लांब दांड्याचा थर्मामीटर. सगळ्या सामानात सर्वांत मोलाची वस्तू हीच. तो नसता तर ढिगाच्या पोटात काय चाललं आहे, हे फक्त वासावरून ओळखावं लागलं असतं, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

तो उशीर आम्ही अनुभवला. पहिल्या तीन महिन्यांत ढीग ३८ अंशांच्या वर गेलाच नाही. खाली काळं पाणी साचायचं, सडक्या अंड्यांसारखा वास सुटायचा, चिलटं जमायची. पेट्यांना लागून राहणाऱ्या दोन कुटुंबांनी रीतसर तक्रार केली आणि ती योग्यच होती. दोष कुणाच्या आळसाचा नव्हता. आम्ही घराघरांतून ओला कचरा इमानाने आणून टाकत होतो, पण त्याच्यासोबत घालायला सुका माल नव्हता. ढिगात कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण सुरुवातीला २५ ते ३० ला १ असावं लागतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात ते साधारण १५ ते २० असतं, सुक्या पानांत ४० ते ८०. दोन्ही मिसळले तरच जमतं. शिवाय पानं ढिगात पोकळी ठेवतात, हवा खेळवतात आणि जास्तीचं पाणी शोषतात. प्रशिक्षणाच्या दिवशी हे सगळं फळ्यावर लिहून दाखवलं होतं. पानं कुठून आणायची, हे मात्र योजनेच्या कागदात कुठेच नव्हतं.

उत्तर मिळालं ते रस्ता झाडणाऱ्या ताईंकडून. तक्रारीनंतर पालिकेने पेट्यांपाशीच बैठक घेतली. अधिकारी, आम्ही दहाबारा रहिवासी आणि त्या दिवशी तिथे काम करत असलेले सफाई कर्मचारी, सगळे उभ्यानेच बोलत होतो. आम्ही पानांचं रडगाणं सांगितलं तेव्हा त्या ताई म्हणाल्या, “पानं का नाहीत? या रस्त्याची रोज सात-आठ पोती भरतात. गाडी ती डेपोला नेऊन टाकते. इथे टाकायला सांगा, आमचीही फेरी वाचेल.” अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. दुसऱ्या दिवसापासून पोती यायला लागली. पेट्यांशेजारी जाळीचा एक पिंजरा उभा राहिला, त्यात पानं साठतात. त्यानंतर भरलेला पहिला ढीग तिसऱ्या दिवशी ५५ अंशांवर गेला आणि सहाव्या दिवशी ६३ वर. त्या सकाळी थर्मामीटर बाहेर काढला तेव्हा दांडा हाताला चटका देत होता. मी घरोघर जाऊन लोकांना बोलावून आणलं. ज्यांनी तक्रार केली होती त्या काकांनाही आणलं, आणि त्यांनी स्वतः पुन्हा एकदा दांडा खुपसून आकडा वाचला.

५५ चा एवढा आनंद का, ते सांगते. त्या तापमानाला रोगजंतू आणि तणांची बरीचशी बियाणी मरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये सांडपाण्याच्या गाळासाठी नियम केला. बंदिस्त पद्धतीत सलग तीन दिवस ५५ अंश, आणि उघड्यावरच्या लांबट ढिगात १५ दिवस, त्या काळात पाच वेळा परतणं, असं त्यात आहे. खताच्या कामात हाच दंडक पुष्कळ ठिकाणी वापरतात. आमची पेटी बंदिस्तही नाही आणि लांबट ढीगही नाही, म्हणून तीन दिवस झाले की सुटलो असं आम्ही मानत नाही. ५५ च्या वरचा प्रत्येक दिवस वहीत मांडतो. दुसऱ्या बाजूने, ७० च्या पुढे जाऊ लागलं तर लगेच परततो, कारण मग काम करणारे जिवाणूच मरायला लागतात. ओलावा हाताने पाहायचा : मूठभर माल दाबला की बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा, धार लागू नये.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं अजूनही काही जण विचारतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. हा ओला कचरा डेपोच्या ढिगाखाली हवेविना दडपला की मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापदायक ठरतो. दक्षिण कोरियाने २००५ पासून अन्नकचरा कचराभूमीत टाकायला बंदी घातली आणि २०१३ पासून जितका कचरा तितके पैसे आकारायला सुरुवात केली. तिथे कायदा आणि यंत्रणा मोठी आहे. आमच्याकडे पेट्या आणि माणसं आहेत. पण घरातून निघालेली साल पन्नास पावलांवर मातीच्या वासाची होते, आणि मुलं ती होताना पाहतात, हे मला फार मोठं वाटतं.

आता गवताची गोष्ट. माझ्या लेखी या योजनेची खरी परीक्षा तिथे झाली.

दुसऱ्या वर्षी झाडांची पानगळ सरली आणि पोती कमी झाली. पालिकेच्या उद्यान विभागाने बागांमधलं कापलेलं गवत द्यायला सुरुवात केली. ताजं गवत नत्राने भरलेलं असतं, त्यामुळे उरलेल्या सुक्या पानांसोबत ढीग झपाट्याने तापला. खतही देखणं झालं : काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं. आम्ही ते वाटलं. तीनेक आठवड्यांनी तळमजल्यावरच्या आजींनी मला बोलावलं. त्यांच्या घेवड्याची नवी पानं वाटीसारखी वळली होती आणि टोमॅटोचे शेंडे पिळवटून नेच्यासारखे बारीक झाले होते. “माझंच पाणी जास्त झालं असेल गं,” असं त्या म्हणत होत्या. चार दिवसांत तशीच झाडं आणखी दोन घरांत दिसली. वही काढली. तिन्ही घरांनी एकाच घाण्यातलं खत नेलं होतं, गवताच्या. त्याआधीचं खत नेलेल्या घरांत एकही पान वळलं नव्हतं.

मी वाचायला बसले. हिरवळीतली रुंद पानांची तणं मारायला क्लोपायरॅलिड नावाचं तणनाशक वापरतात. गवताला त्याने काही होत नाही. पण ते कंपोस्टच्या उष्णतेने मोडत नाही, आणि शेंगवर्गीय झाडं, टोमॅटो, सूर्यफूल यांना अब्जात काही भाग इतकी सूक्ष्म मात्राही वाकडं करते. २००० सालाच्या सुमारास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सार्वजनिक खतनिर्मिती केंद्रांच्या खतात ते सापडलं होतं आणि त्यानंतर तिथे त्याच्या वापरावर बंधनं आली. लक्षणं तंतोतंत आमच्यासारखी.

उद्यान विभागाच्या दूरध्वनीवर पहिलं उत्तर आलं, “खताचा काही संबंध नाही.” लेखी पत्राला दोन आठवडे काहीच उत्तर नाही. याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही, कारण त्या दोन आठवड्यांत आणखी दोन घरांनी तेच खत वापरलं. शेवटी बागेचं काम पाहणारे पर्यवेक्षक स्वतः आले. सोबत फवारणीची नोंदवही घेऊन आले, हे मी त्यांचे उपकार मानते. आजींच्या ओट्यावर त्यांची वही आणि माझी वही शेजारी शेजारी उघडली. दोन हिरवळींवर फवारणी झाली होती, औषधाच्या घटकांत तेच नाव होतं, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी कापलेलं गवत आमच्याकडे आलं होतं. त्यांच्याकडे फवारणीची तारीख होती, पण वळलेली पानं त्यांनी पाहिली नव्हती. आमच्याकडे पानं होती, तारीख नव्हती. दोन्ही वह्या एकत्र येईपर्यंत पाच आठवडे गेले.

त्यानंतर मात्र पालिकेने टाळाटाळ केली नाही. उरलेलं खत परत नेलं, पेट्यांपाशी फलक लावून कारण स्पष्ट लिहिलं, फवारलेल्या हिरवळीचं गवत पाठवणं बंद केलं. आता फवारणीच्या नोंदीची प्रत दर महिन्याला आमच्या फलकावर लागते. आम्ही आमच्या बाजूने चाचणी सुरू केली. प्रत्येक घाण्यातलं थोडं खत स्वच्छ मातीत मिसळून तीन कुंड्या, आणि नुसत्या मातीच्या तीन कुंड्या. सगळ्यांत घेवड्याचं बी. दोन-तीन आठवडे खरी पानं नीट पाहायची. दोन्हीकडे सारखी वाढ दिसली तरच खत वाटायचं. या कुंड्या आता आजी सांभाळतात. त्यांचा तो अख्खा हंगाम वाया गेला आणि त्याची भरपाई कुणीही दिली नाही. योजनेत तशी तरतूदच नाही, आणि ती असायला हवी.

एक गुण कापला तो एवढ्यासाठीच नाही. पालिकेच्या अहवालात ‘बसवलेल्या पेट्या’ मोजल्या जातात. किती खत निघालं, किती ढीग ५५ च्या वर गेले, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे जिथे पेट्या रिकाम्या पडून आहेत त्या जागाही कागदावर आमच्याइतक्याच यशस्वी दिसतात. त्या वसाहतींना मदत पोहोचायची तर आधी त्या दिसायला हव्यात. पाळ्यांचाही प्रश्न आहे. परतण्याची वेळ रविवार सकाळ. रात्रपाळी करणारे आणि भाड्याने राहणारे नवे लोक आपोआप बाहेर राहतात, मग ‘ते काही करत नाहीत’ असं बोललं जातं. आम्ही संध्याकाळची एक पाळी वाढवली आणि लगेच पाच घरं आली.

नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी अमेरिकेतल्या अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडली. नुसती माहिती देणं तिसऱ्या पायरीवर, मत विचारणं चौथ्या, आणि भागीदारी सहाव्या पायरीवर, जिथे निर्णयाचा अधिकार वाटून घेतला जातो. आमची योजना चौथ्या पायरीवर सुरू झाली. पानांच्या पोत्यांनी ती वर सरकली, फवारणीच्या नोंदवहीने आणखी. नियमांबाबत एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम मला फार उपयोगी पडलं. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या या विदुषीने कुरणं, सिंचनाचे पाट, मासेमारीची क्षेत्रं लोक मिळून कशी टिकवतात याचा अभ्यास केला. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांना ते बदलण्यात वाटा हवा, आणि चुकीला आधी सौम्य समज, मग वाढती कारवाई, ही त्यांच्या तत्त्वांपैकी दोन. पहिल्या वर्षी प्लास्टिक टाकणाऱ्याचं नाव थेट फलकावर लावायचं ठरलं होतं. त्या धाकाने दोन घरांनी कचरा आणणंच सोडलं. आता आधी दारावर जाऊन बोलतो. दोन्ही घरं परत आली आहेत.

तुमच्या वसाहतीने ही योजना घ्यावी असं मला मनापासून वाटतं. सही करण्याआधी मात्र पालिकेकडून चार गोष्टी लेखी घ्या : सुकी पानं आठवड्यातून किती वेळा आणि कोण आणून देणार, फवारणीच्या नोंदीची प्रत दर महिन्याला मिळणार, तक्रारीवर जागेवर येऊन निर्णय घेऊ शकेल असा एक अधिकारी कोण, आणि खतामुळे कुणाची झाडं गेली तर भरपाई कोण देणार. चौथी आम्हाला अजून मिळालेली नाही, मागणी चालू आहे. आमची वही पाहायची असेल तर रविवारी सकाळी परतण्याच्या वेळी या. सध्या दुसऱ्या पेटीतला ढीग ६१ वर आहे आणि पिंजऱ्यात पानं काठोकाठ भरलेली आहेत.