‘द चाइल्ड इन ख्रिश्चन थॉट’: सुरुवात मधूनच करा

ल्युथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथातल्या) धर्मशास्त्रज्ञ मार्शा बुंगे यांनी संपादित केलेला, ख्रिस्ती विचारवंतांनी मुलांकडे कसं पाहिलं यावरच्या लेखांचा हा ग्रंथ (२००१) पहिल्या पानापासून वाचायला घेतलात, तर प्राचीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टिनच्या ‘मूळ पापा’पाशीच (माणूस जन्मतःच पापी असतो, या कल्पनेपाशी) रुतून बसाल. आधी जर्मन पाद्री फ्रांकेवरचा, बुंगे यांचा स्वतःचा लेख उघडा. १६९५ मध्ये जर्मनीतल्या हाले शहरात गरीब मुलांची शाळा काढणारा हा पाद्री मुलांचा हट्ट मोडा म्हणतो. तेवढंच उचललं की तो निव्वळ छडीवाला मास्तर ठरतो. त्याची शाळा आणि त्याचा अनाथाश्रम शेजारी ठेवले की चित्र पालटतं. (१७०६ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला आलेले मिशनरी याच हालेचे.) मग ल्यूथरवरचा लेख वाचा. लेखक अनेक, त्यामुळे सूर सांधत नाही. मुलांविषयीचे हिंदू, बौद्ध, इस्लामी उतारे हवे असतील तर बुंगे यांचा डॉन ब्राउनिंग यांच्यासोबतचा २००९ चा संग्रह घ्या.